बाहुलीचा तास

मंगळवारी दुपारी दोनच्या आत मी उदगीरला उतरते.
पिशवीत रबरी बाहुली, दोन लंगोट, वाटी-चमचा,
सह्यांचं रजिस्टर.
बाहुलीचा डावा हात निखळलाय,
तो मी वेगळा, रुमालात बांधून आणते.

आधारगृहाच्या पत्र्याखाली अकरा मुली.
सातजणींच्या मांडीवर लेकरं,
चौघींची अजून पोटात.
भिंतीवरच्या वेळापत्रकात
दोन ते तीनच्या चौकोनात लिहिलंय: पालकत्व.
दैवशाला त्याला पालखत म्हणते.
मी दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं.

मानेखाली हात असा.
पाणी आधी कोपरानं बघायचं.
पाजलं की खांद्यावर घ्यायचं, ढेकर येईपर्यंत.
"बाहुलीला ढेकर कुठला येतोय, मॅडम?"
मुद्रिका म्हणते, आणि सगळ्या हसतात,
तोंडावर हात न घेता,
इतक्या मोठ्यानं की दोन लेकरं दचकून उठतात
आणि अधीक्षिकाबाई दारात येऊन उभ्या राहतात.

पहिल्याच महिन्यात मी लिहून ठेवलं होतं:
मुद्रिका. वय १६. बाळाकडे दुर्लक्ष.
सत्राच्या वेळी गजगे खेळताना आढळली.
निळ्या शाईत. खाली सही,
सहीखाली दोन रेघा.

एप्रिलात एकदा शेवटची बस हुकली.
नळेगाव रोडवर टेम्पो उलटला होता म्हणे.
मी तिथंच राहिले.
रात्री दीडला वीज गेली,
आणि सतरंजीवर पडल्या पडल्या ऐकू आलं:
टक्. टक् टक्.

खिडकीतल्या चांदण्यात मुद्रिका बसलेली,
पाय लांब करून, पायांवर आडवं बाळ.
पाय डुलताहेत
आणि हात गजगे झेलतोय,
एकेक, मग दोन-दोन, मग तीन.
"आवाज थांबला की रडतंय," ती म्हणाली.
"पोटात होतं तवा दिसभर हेच खेळायची मी.
दुसरं काय होतं तिथं?"

"आण, मी घेते."
मी घेतलं. मानेखाली हात असा,
अगदी तक्त्यातल्या चित्रासारखा.
ते किंचाळून रडलं.
ती हसली नाही. एवढंच विचारलं,
"तुमाला गजगे येतेत का?"

येत होते.
परभणीला, आमच्या मागच्या ओट्यावर,
मी आणि आई खेळायचो, डाव चढला की भांडायचो.
नवी शेजारीण विचारायची, सख्ख्या बहिणी का?
आई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी.
ही गोष्ट मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितली नव्हती.
त्या रात्रीही सांगितली नाही.
बाळ तिच्या पायांवर परत ठेवलं
आणि उजव्या हातानं खडे उडवले.
दुसराच खडा सुटला.
"सवय गेली तुमची," ती म्हणाली.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
म्हणून जुन्या नोंदीखाली, उरलेल्या जागेत, लिहिलं:
रात्री १.४०. बाळ झोपले.
अधीक्षिकाबाईंनी विचारलं, याचा सत्राशी काय संबंध?
मी म्हटलं, बघते.

रविवारी फाटकाशी एक पोरगा येतो.
मिसरूड नुकतं फुटलेलं, नखांत ग्रीस.
दैवशालाच्या लेकाचा बाप.
त्याला आत यायची परवानगी नाही,
तिला फाटकापर्यंत जायची नाही.
बिस्किटपुडे ठेवतो, सायकल धरून उभा राहतो.
मागच्या रविवारी मुद्दाम गेले होते.
"कसं धरायचं असतंय?" त्यानं विचारलं.
मी गजांमधून बाहुली दिली.
त्यानं ती फार वेळ धरली, कडेवर नाही,
दोन्ही तळव्यांवर, गरम ताट असावं तशी.
मग म्हणाला, "हिचा हात?"
मी रुमाल सोडला.
खिशातून तार काढून त्यानं तो जागच्या जागी आवळला.

उलटा बसलाय. पंजा मागं वळलेला.
मंगळवारी दैवशालानं बाहुली फिरवून फिरवून पाहिली.
"ही मागं काय चाचपलालीय, मॅडम?"
कुणी बसवला ते मी सांगितलं नाही.
तिनं तारेच्या पिळाला बोट लावलं,
टोचतंय का बघितलं,
आणि टोकाला चिंधी गुंडाळायला बसली.
तीन वाजले तरी गाठ होईना.
सव्वापाचची बस आहे.
मी थांबलेय.